हार्मोनची भीती सोडा, पाण्याच्या टाकीत काय पडतंय ते बघा

विट्याजवळ आमचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड आहे. पाहुणा आला की ठरलेला प्रश्न: "ताई, चाळीस दिवसांत दोन किलो? हार्मोनची इंजेक्शनं मारता ना?" अहो, हजारो पक्षी रोज धरून इंजेक्शन कोण मारणार! लोकांना दिसतं ते लसीकरण; लासोटा या राणीखेत रोगाच्या लसीचा थेंब आम्ही पिल्लाच्या डोळ्यात घालतो. वाढीचं हार्मोन म्हणजे प्रथिन, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. वजन येतं ते जातीमुळं आणि खाद्यामुळं.

भीती अगदी हवेतली नाही म्हणा. अमेरिकेत डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन नर कोंबड्यांच्या मानेत कातडीखाली बसवायचे, ते १९५९ मध्ये थांबलं. तेच औषध गरोदरपणात घेतलेल्या बायकांच्या मुलींमध्ये दुर्मीळ कॅन्सर सापडला, १९७१ मध्ये.

आपल्याकडं खरा घोर आहे तो अँटिबायोटिकचा. आजार नसताना वजनासाठी थोडं थोडं देत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि आधी आपल्याच हाताला लागतात. म्हणून 'वाढीची पुडी' घेताना आतले घटक वाचा. लिहिलेच नसतील तर पुडी दुकानदाराला परत. कोलिस्टिन दिसलं तर हात लावू नका. माणसाला शेवटचा उपाय म्हणून राखलेलं ते औषध जनावरांसाठी २०१९ पासून बंद आहे.

पक्षी आजारीच पडले तर मेलेला पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडं जा, पोस्टमार्टेम करून घ्या, मगच औषध. शेवटचा डोस संपला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेड नंबर, औषध, तारीख लिहा. टाकी धुवा, निपल लाइनची (पक्षी चोचीनं पितात त्या पाइपाची) टोकाची टोपी काढून पाणी सोडा, नाहीतर पाइपातलं उरलेलं औषध पक्षी पीतच राहतात. मग विकण्याआधी लेबलावर सांगितलेले दिवस थांबायचं. लेबलावर काहीच नसेल तर २०१२ च्या नियमानं मांसाला किमान २८ दिवस आणि अंड्याला ७. चाळीस दिवसांच्या बॅचला हिशोब करा: बाराव्या दिवसानंतर असलं औषध चालतच नाही. लेअरवाल्यांचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचं दुखणं वेगळं, अंडी तर रोज येतात. त्या दिवसांतली टाकूनच द्यावी लागतात.

औषधाची वेळच कमी यावी यासाठी ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं) आणि खाली अंथरलेलं तूस सांभाळा. मूठभर तूस दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, लगेच परतून घ्या. आणि पक्ष्यांच्या उंचीला उकिडवं बसून वास घ्या. उभ्यानं अमोनिया कळत नाही, खाली डोळे चुरचुरतात.

रेट चढला की व्यापारी दोन दिवस आधीच गाडी लावतो म्हणतो. कॅलेंडरवर दिवस भरले नसतील तर त्याला दुसऱ्या शेडचा माल दाखवा, तोही नसेल तर गाडी रिकामी जाऊ दे.