पोर्शे 914 ची क्लच केबल: नवी घेण्याआधी जुनी का गेली ते शोधा

क्लच केबल तुटली की बहुतेक जण लगेच नवी मागवतात, बसवतात आणि वर्षभरात नवी केबलही त्याच जागी पुन्हा तुटते. पोर्शेच्या 914 या जुन्या स्पोर्ट्स गाडीत हे फार वेळा होतं. या गाडीत केबल एकटी क्वचितच बिघडते. तिच्या वाटेतली नळी, पुली, बुश (दांड्यावरची झिजणारी बांगडी) किंवा अर्थिंगची पट्टी (गिअरबॉक्स आणि बॉडी विजेने जोडणारी) आधी बिघडलेली असते आणि केबल त्याची किंमत मोजते. म्हणून खरेदीला लागण्याआधी अर्धा तास तपासणीत घालवा.

केबलचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणू. 914 चं इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. पेडलपासून निघालेली केबल गाडीच्या मधल्या बोगद्यातल्या लोखंडी नळीतून मागे जाते, गिअरबॉक्सजवळच्या पुलीला वळसा घालते आणि क्लचच्या आर्मला येऊन मिळते. तिथे तिच्या आटे पाडलेल्या टोकावर अॅडजस्टिंग नट आणि लॉकनट असतात. म्हणजे एवढ्या लांब तारेवर सगळ्यात जास्त मार पडतो तो पुलीच्या वळणावर आणि दोन टोकांना, जिथे तार धातूच्या टोपणात दाबून बसवलेली असते.

तपासणीची सुरुवात पेडलच्या मोकळ्या खेळापासून, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जितकं सहज दबतं त्या अंतरापासून करा. क्लच प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो, वाढत नाही. इथेच बरेच जण फसतात. पेडल दिवसेंदिवस सैल होत असेल, दर महिन्याला नट आवळावा लागत असेल, तर ‘केबल ताणली’ एवढ्यावर थांबू नका. धडधाकट पोलादी केबल अशी सेंटिमीटरभर लांबत नाही. एकतर तिच्या तारा एकेक करून तुटत आहेत, नाहीतर दुसरं काहीतरी जागेवरून हलत आहे.

ते दुसरं काहीतरी 914 मध्ये बहुधा बोगद्यातली नळी असते. तिचे जोड कालांतराने सुटतात. मग पेडल दाबलं की केबलबरोबर नळीही हलते आणि पायाची निम्मी मेहनत तिथेच वाया जाते. पेडलखालची लाकडी फळी काढा, नळीचं पुढचं तोंड जिथे बाहेर येतं तिथे बोट टेकवा आणि दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगा. नळी जराही सरकली तर नवी केबल घेऊन उपयोग नाही. बोगद्याला खिडकी कापून नळी पुन्हा जोडून घ्यावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. वेल्डिंगआधी जवळची वायरिंग आणि बोगद्यातूनच जाणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या बाजूला करणं सक्तीचं आहे. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

नळी पक्की निघाली तर पेडलच्या दांड्यावरचे बुश बघा. मूळचे प्लास्टिकचे बुश झिजले की पेडल आडवं डुलतं आणि केबल तिरकी ओढली जाते. त्याने पेडलकडच्या टोकाशी तारा तुटतात. पितळी किंवा ब्राँझचे बुश मिळतात, ते बसवून घ्या. मग मागे जाऊन पुली हाताने फिरवा. ती अडखळत असेल, तिला तडा गेला असेल किंवा खाचेत तारेचे चरे पडले असतील, तर केबलबरोबर पुलीही नवी हवीच. न फिरणाऱ्या पुलीवर तार घासते आणि नेमकी वळणावर तुटते.

आणि अर्थिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटांवर टांगलेले असतात, त्यामुळे बॉडीशी त्यांचा विजेचा पक्का संबंध फक्त गिअरबॉक्सवरच्या पट्टीतून येतो. ती गंजली की स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट क्लच केबलची असू शकते. जुन्या केबलवर निळसर डाग दिसले किंवा प्लास्टिकचं अस्तर वितळलेलं दिसलं तर हेच झालं आहे असं समजा. खात्रीसाठी व्होल्टमीटरची एक तार गिअरबॉक्सच्या कवचाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि सोबत्याला स्टार्टर मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी बदला आणि दोन्ही टोकांखालचा धातू घासून चकचकीत करा.

एवढं झालं की मग खरेदी.

मागणी नोंदवताना फक्त ‘914’ म्हणू नका. वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स तिन्ही सांगा. चार सिलिंडरची 914 आणि सहा सिलिंडरची 914/6 यांचे भाग एकमेकांना चालतील असं गृहीत धरू नका. 1972 पर्यंतच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सची गिअर बदलण्याची दांडी मागच्या टोकातून येते, 1973 पासून ती बाजूने येते. जुन्या गाडीत पुढच्या वर्षांचा गिअरबॉक्स बसवलेला असेल तर कागदपत्रावरच्या वर्षापेक्षा गाडीखाली प्रत्यक्ष दिसणारी पुली आणि तिचा ब्रॅकेट जास्त खरे. ब्रिटनमधल्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावं: कारखान्यातून 914 फक्त डाव्या स्टिअरिंगचीच निघाली. तुमची उजव्या स्टिअरिंगची असेल तर ती नंतर बदललेली आहे आणि तिची केबल तयार मापाची नसू शकते. तिथे जुन्या केबलवरूनच नवी बनवून घ्या.

माप घेताना जुनी केबल सरळ टांगा, खाली दोनेक किलोचं वजन लावा आणि मगच टेप धरा. टोकापासून टोकापर्यंतची लांबी, आट्यांची लांबी, आट्यांचा व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर), पेडलकडच्या चिमट्याच्या भोकाचा व्यास, हे सगळं लिहून ठेवा. केबल तुटलेली असेल तर दोन्ही तुकडे ठेवून द्या, फेकू नका. केबल आखूड पडली तर मोकळा खेळच राहत नाही, रिलीज बेअरिंग (क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग) सतत फिरत राहतं आणि क्लच घसरून जळतो. लांब पडली तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. योग्य केबल बसवल्यावर निम्म्याच्या आसपास आटे शिल्लक राहायला हवेत.

तारेचा पीळ हा मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत, पण आयुष्य त्यावरच ठरतं. 19 तारांचा एकच पीळ असलेली केबल ताठ असते. सरळ वाटेला ठीक, पुलीवर नको. 7 पेड आणि प्रत्येक पेडात 7 तारा, म्हणजे 49 तारांची केबल वळण सोसते. प्रत्येक पेडात 19 तारा असलेली त्याहून मऊ असते. स्टेनलेसचा आग्रह धरू नका. ते गंजत नाही हे खरं, पण वारंवार वाकण्याला जस्ताचा मुलामा दिलेलं साधं पोलाद सहसा जास्त टिकतं आणि इथे मारेकरी गंजापेक्षा वाकणंच आहे.

केबल हातात आल्यावर पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. जुन्या सुती कापडाची चिंधी तारेवरून टोकापासून टोकापर्यंत ओढा. कुठेही धागा अडकला तर तिथे तार उसवलेली आहे. आट्यांचं टोक काचेवर लोळवा. तार त्यातून वाकडी निघाली असेल तर बाकीची केबल डुगडुगते. आणि टोपणाच्या तोंडाशी नखाने चाचपा: धार तारांत रुतलेली असेल तर ती केबल परत करा, कारण ती तिथेच तुटणार. चाळीस-पन्नास वर्षं गोदामात गुंडाळून पडलेली ‘अस्सल जुनी’ केबल महाग मिळते, पण ग्रीस वाळलेलं आणि आत गंज धरलेला असतो. चांगली नवी केबल तिच्यापेक्षा केव्हाही बरी.

आत प्लास्टिकचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ग्रीस घालू नका, त्याला धूळ चिकटून लगदा होतो. तार नुसत्या लोखंडी नळीतून जात असेल तर लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. पेडलकडच्या पिनला आणि पुलीच्या बुशालाही थेंबभर.

मागचा नट आवळताना आट्यांचं टोक पकडीने धरून ठेवा. ते नटाबरोबर फिरलं तर तारेचा पीळ उलगडतो आणि नवीकोरी केबल पहिल्याच दिवशी खराब होते. पेडलचा मोकळा खेळ 15 ते 20 मि.मी. ठेवा. लॉकनट घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण तो आवळताना माप हमखास सरकतं. शेवटी पेडलखालचा थांबा लावा: इंजिन चालू असताना रिव्हर्स आवाज न करता पडेल इतकंच पेडल खाली जाऊ द्या. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर केबल आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडी) दोघांनाही विनाकारण ताणतो.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये टोकं आपापल्या जागी बसतात, तेव्हा खेळ एकदा पुन्हा तपासा.