गालिच्यावर रस्सा सांडला तर: हळदीचा डाग कसा काढावा

गालिच्यावर डाग पडला की घरातल्या प्रत्येकाला एक उपाय ठाऊक असतो. कोणी मीठ आणतं, कोणी टूथपेस्ट, कोणी लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढतं. हे सगळं बाजूला ठेवा. आपल्या घरांत पूर्वीपासून असायची ती सतरंजी किंवा जाजम: सुती, पातळ, दोन्ही बाजूंनी सारखी. डाग पडला की मोरीत न्यायची, साबणाची वडी घासायची, ब्रश मारायचा, खळखळून धुवायची आणि उन्हात टाकायची. आपल्या हातांना तीच सवय आहे आणि गालिचे बिघडतात ते त्याच सवयीने. गालिच्याला वर लव असते, तिच्याखाली विणीचा पाया, आणि बऱ्याच गालिच्यांत त्याखाली चिकटवलेलं कापडही. वरून ओतलेलं पाणी डागाला घेऊन खाली उतरतं आणि तिथून ते पिळून काढता येत नाही. गालिच्याचा डाग टिपून काढायचा असतो, धुऊन नव्हे.

डाग काढण्याचे जे सल्ले फिरत असतात त्यांत वाइन असते, कॉफी असते. आपल्याकडे सांडतो तो रस्सा, आमटी, मिसळीचा कट. सगळ्यांत चिवट डाग हळदीचा, म्हणून इथे मुख्यतः तोच घेतला आहे.

गालिचा कशाचा आहे?

दुकानदाराने सांगितलेलं पुरेसं धरू नका. कोपऱ्यातल्या लवेतून दोनचार तंतू काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर किंवा खरं रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा तत्सम कृत्रिम धागा. कागद जळल्याचा वास आला आणि मऊ राख राहिली तर सुती, ताग किंवा व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). ‘आर्ट सिल्क’ म्हणून चमकदार गालिचे विकतात ते बहुधा व्हिस्कोजचेच असतात. व्हिस्कोज ओलं झालं की कमजोर होतं, पिवळं पडतं, त्याची लव चिकटून बसते. व्हिस्कोज असो की खरं रेशीम, कोरड्या कापडाने टिपा आणि गालिचे धुणाऱ्याकडे द्या. पुढचं काहीही त्यावर करू नका.

मग गालिचा उलटून पाठ बघा. वरची नक्षी पाठीमागेही स्पष्ट दिसत असेल तर तो बहुधा हाताने गाठी मारून विणलेला आहे, थोडा ओलावा सहन करेल. पाठीवर जाड कापड चिकटवलेलं असेल तर आत लेटेक्सचा गोंद आहे. तिथे पाणी मुरलं की वास सुटतो आणि काही काळाने गोंदाचा भुगा पडू लागतो. तागाचा पाया असेल तर ओल राहिल्यावर ताग तपकिरी रंग सोडतो आणि मूळ डागाशेजारी दुसरा डाग उभा राहतो.

सांडल्यावर लगेच

घट्ट भाग चमच्याने कडेकडून मध्याकडे उचला. मग पांढरं सुती कापड, जुना पंचा किंवा धुतलेलं धोतर असेल तर उत्तम, डागावर ठेवून तळव्याने दाबा. कापडाची कोरडी बाजू घेत घेत, कापडाला काही लागेनासं होईपर्यंत. रंगीत फडका नको, त्याचा रंग उतरतो. घासायचं नाही, गोल फिरवायचं नाही, ब्रश तर अजिबात नाही. घासल्याने धाग्याचा पीळ सुटतो आणि डाग गेला तरी तेवढी जागा कायमची विस्कटलेली दिसते.

पाणी अजून आणायचं नाही. आधी तेल. तर्रीतलं तेल ओढून घ्यायला टिपलेल्या जागेवर कॉर्नफ्लॉवर किंवा साधी टाल्कम पावडर जाडसर पसरा, वीसेक मिनिटांनी व्हॅक्युमने किंवा चमच्याने काढा. बेसन नको, मुलतानी मातीही नको. दोन्हींना स्वतःचा रंग आहे.

पिवळा रंग: खरी लढाई इथे आहे

बहुतेक लोक इथपर्यंत बरोबर येतात आणि मग बादलीत कपड्यांची पावडर कालवतात. पावडर लावली की पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. मग घाबरून आणखी पावडर, आणखी पाणी, आणखी घासणं, आणि हाताएवढा डाग ताटाएवढा होतो. मला या टप्प्याने सर्वांत जास्त छळलं आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा. त्याचे तीन गुण लक्षात ठेवले की डाग आटोक्यात येतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. क्षार लागला की लाल होतं, आम्ल लागलं की परत पिवळं. आणि प्रकाशात ते हळूहळू मोडतं. हळदीत चुना कालवल्यावर येणारी लाली आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. कपड्यांच्या पावडरीत, साबणाच्या वडीत आणि धुण्याच्या सोड्यात क्षार असतो, म्हणून गालिच्यावरही तेच घडतं. ही लाली नवा डाग नसते, घाबरू नका. एक कप पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून त्या पाण्याने टिपलं की रंग पिवळ्यावर येतो. पण क्षारातलं पाणी तोवर पायापर्यंत गेलेलं असतं आणि लोकरीला क्षार मुळात सोसत नाही. त्यामुळे कपड्यांची पावडर गालिच्याजवळ आणूच नये.

तिच्याऐवजी लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं ईझीसारखं सौम्य लिक्विड घ्या. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. कापड त्यात बुडवून घट्ट पिळा आणि ओलसर कापडाने कडेकडून आत दाबत या, लगेच कोरड्या कापडाने टिपा. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. उरलेलं तेल सुटतं तसा त्यात विरघळलेला हळदीचा आणि लाल तिखटाचा बराचसा रंग त्याच्याबरोबर कापडावर येतो. रिठ्याचं पाणी लोकरीला चांगलंच मानवतं, पण फिक्या गालिच्यावर ते वापरू नका, त्याचा तपकिरी रंग बसतो.

यानंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने साबण टिपून घ्या आणि जागा पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. ओल्या लवेत डाग किती उरला ते कळत नाही. वाळल्यावर जो पिवळा दिसेल त्याच्यासाठी स्पिरिट. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनरंगाचंच. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यावर पांढऱ्या कापडाने लावून दाबून बघा. गालिच्याचा रंग कापडावर उतरला तर स्पिरिटचा नाद सोडा. रंग पक्का असेल तर स्पिरिट कापडावर घ्या, गालिच्यावर ओतू नका, कारण ओतलेलं स्पिरिट गोंदाच्या थरापर्यंत जातं. कापड डागावर दाबून धरा, उचला, बघा: पिवळा ठिपका कापडावर आला असेल. कापडाची बाजू बदला आणि पुन्हा दाबा. एका कापडाने भागत नाही, पाचसहा तुकडे जवळ ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझवलेली, गॅस बंद. स्पिरिट चटकन पेट घेतं. सॅनिटायझरची जेल वापरायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तिच्यातला चिकट अंश लवेत राहतो आणि धूळ धरतो.

तरीही फिकट पिवळी छटा राहिली, आणि रस्सा रात्रभर राहिला असेल तर ती राहतेच, तेव्हा टिपायचं थांबा आणि प्रकाशाला काम करू द्या. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग दोरीवर वाळता वाळता फिका होतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. पण गालिच्याचे रंगही उन्हात उडतात, म्हणून बाकी गालिचा जाड चादरीने झाका आणि डागाचाच भाग सकाळच्या उन्हात दोनेक तास उघडा ठेवा. रोज बघत राहा आणि छटा गेली की त्याच दिवशी थांबा. गालिचा बाहेर नेण्याजोगा नसेल तर खिडकीपाशी सरकवा. कर्क्युमिनला मोडायला दिसणारा प्रकाशही चालतो, त्यामुळे काचेतून येणारं ऊनसुद्धा उपयोगी पडतं, फक्त वेळ जास्त लागतो. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांनी गालिचे घालवलेले मी पाहिले आहेत. धीर धरणाऱ्याचा गालिचा वाचतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड हा शेवटचा उपाय, तोही पांढऱ्या किंवा मलईरंगी गालिच्यापुरता. आपल्याकडे औषधाच्या दुकानात साधारणपणे 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून ते 3 टक्क्यांवर आणा, हातमोजे घाला, कापडाने लावा, अर्ध्या तासाने साध्या पाण्याने टिपून काढा. रंगीत नक्षीवर ते नक्षीचाच रंग उडवतं. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड कधीही एकत्र करू नका. आणि कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच लोकरीवर टाकूच नका. त्यात लोकर अक्षरशः विरघळते. ते ब्लीच व्हिनेगर किंवा अमोनियात मिसळलं तर विषारी वायू निघतो, तेव्हा डाग काढायच्या सामानात त्याला जागाच नको.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस आणण्याबद्दल एकदाच सांगते. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते मीठवजा द्रव्य आणि पाणी. दिसायला जोरदार, पण डागाला त्यातून काही होत नाही आणि पाण्याने पाया मात्र भिजतो.

वाळवताना डाग परत येतो तो का

संध्याकाळी स्वच्छ दिसलेली जागा सकाळी पुन्हा पिवळी, हा अनुभव अनेकांना आला असेल. समईची वात तेल ओढते तसे लवेचे तंतू खाली मुरलेलं पाणी वर ओढतात. पाणी टोकाशी उडून जातं आणि त्याने आणलेला रंग टोकालाच राहतो. म्हणून शेवटचं टिपणं झालं की त्या जागेवर पांढऱ्या पंच्याच्या चारपाच घड्या ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर वजन: पोळपाट आणि त्यावर तांदळाचा डबा, काहीही चालेल. रात्रभर. वर चढणारा रंग पंच्यात जातो. पिशवी विसरू नका, नाहीतर डब्याच्या बुडाचा गंज उतरेल.

सकाळी वजन काढा, गालिच्याची ती कड उचलून खाली पाट सरकवा आणि दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा पंखा लावा. हेअर ड्रायर नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हवेतच इतकी ओल असते की जाड गालिचा कित्येक दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. जुलैत रस्सा सांडला तर टिपा, कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर लावा, स्पिरिट वापरा. पाण्याचा भाग कमीत कमी ठेवा आणि पिवळ्या छटेसाठी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा.

वाळल्यावर जागेवरून हात फिरवा. लव कडक लागली तर साबण राहिलेला आहे. तो राहू दिला तर काही आठवड्यांत तिथेच काळपट गोल उमटतो आणि लोक म्हणतात डाग परत आला. साध्या पाण्याच्या कापडाने पुन्हा टिपा, लोकर असेल तर शेवटचा हात मघाच्या व्हिनेगरच्या पाण्याचा फिरवा.

बाकीचे डाग थोडक्यात

चहा-कॉफी: लगेच टिपा, मग व्हिनेगरचं पाणी, दूध असेल तर त्यानंतर सौम्य लिक्विड. रक्त: फक्त थंड पाणी, गरम पाण्याने ते पक्कं बसतं. बॉलपेनची शाई: स्पिरिट, हळदीसारखंच. मेण: बर्फाने कडक करून मोडा, उरलेल्यावर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कृत्रिम धागा असेल तर इस्त्री टाळा. च्युइंगगम: बर्फ. सुका गुलाल किंवा कुंकू: पाण्याचा थेंबही लागू न देता आधी व्हॅक्युम, मग सेलोटेपने टिपून उचलणं. कुत्र्या-मांजराची लघवी पायापर्यंत गेली असेल तर वरून काहीही करून वास जात नाही. गालिचा पूर्ण धुणाऱ्याकडे द्या आणि देताना तो कशाचा आहे आणि पाठीला गोंद आहे का, हे स्वतःहून सांगा.