अमेरिकेत शिकायला जाताय? कॅम्पस पोलिसांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पोलीस चौकीबद्दलही घराघरांत तेच मत असतं. हा संस्कार घेऊन आपली मुलं अमेरिकेत शिकायला जातात आणि तिथे तो आडवा येतो.

माझ्या बाबतीत तेच झालं. पहिल्या सत्रात मी लायब्ररीतून रात्री एकला एकटीच चालत घरी यायचे, मुठीत किल्ल्या घट्ट धरून. विद्यापीठाच्या पोलिसांना फोन केला की घरापर्यंत सोबत मिळते आणि तीही फुकट, हे मला ठाऊक होतं, ओरिएंटेशनमध्ये सांगितलंही होतं. पण एवढ्याशा कारणासाठी पोलिसांना कशाला बोलवायचं, असं वाटायचं. डिसेंबरमधल्या एका रात्री एक माणूस तीन चौक माझ्या मागोमाग आला. मी समोरच्या दिवे लागलेल्या इमारतीत शिरले आणि तिथून पहिल्यांदा तो नंबर लावला. पाचेक मिनिटांत चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेली एक विद्यार्थिनीच आली, हातात वॉकीटॉकी. तिने एवढंच विचारलं, "कुठे जायचंय?" का बोलावलं, हे विचारलंच नाही.

आधीचे तीन महिने मी उगाच जीव मुठीत धरून काढले. तुम्ही तसं करू नका, म्हणून हे पायरी-पायरीने लिहिते आहे. शेवटची पायरी इथे राहणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

पायरी १ : हे पोलीस कोण, ते समजून घ्या

कॅम्पस पोलीस म्हणजे गेटवरचे वॉचमन नव्हेत. बहुतेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत ते शपथ घेतलेले, पूर्ण अधिकाराचे पोलीस असतात. कमरेला पिस्तूल असतं, त्यांना अटक करता येते, तपासही तेच करतात. १८९४ मध्ये न्यू हेवन शहरातले दोन पोलीस येल विद्यापीठासाठी नेमले गेले, तेव्हापासूनची ही पद्धत. काही खासगी किंवा छोट्या कॉलेजांत मात्र नुसतं सुरक्षा खातं असतं. त्यांच्या माणसांना अटकेचा अधिकार नसतो, मोठं काही घडलं की ते शहराच्या पोलिसांना बोलावतात. खात्याच्या नावावरून हा फरक ओळखू येत नाही, त्यामुळे विद्यापीठाच्या साईटवर त्यांचे अधिकार आणि हद्द दोन्ही वाचा. तुम्ही भाड्याने घेणार असलेलं घर त्या हद्दीत येतं का, हा खरा प्रश्न आहे. येत नसेल तर तिथे शहर पोलीस येणार.

पायरी २ : घर ठरवण्याआधी दोन गोष्टी वाचा

१९८६ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. वसतिगृहाची दारं आपोआप लॉक होणारी होती, पण जायला-यायला सोपं पडावं म्हणून ती अडकवून उघडी ठेवलेली होती. तिच्या आईवडिलांनी पुढे लढा दिला आणि १९९० मध्ये त्यातून कायदा झाला. तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. या कायद्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल जाहीर करावा लागतो, आणि त्यात मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे द्यावे लागतात.

हा अहवाल जरूर वाचा, पण त्यात काय नसतं हेही लक्षात असू द्या. त्यात कॅम्पस, वसतिगृहं, विद्यापीठाच्या ताब्यातल्या काही इमारती आणि लगतचे रस्ते एवढंच मोजतात. आपली एमएसची मुलं चौघं-चौघं मिळून ज्या खासगी अपार्टमेंटमध्ये राहतात, तिथे घडलेलं यात येत नाही. साधी चोरीही येत नाही, म्हणजे लायब्ररीतून लॅपटॉप गेला तर तो या आकड्यांत दिसायचा नाही. कॅम्पसवर तर विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान अशा चोऱ्यांनीच होतं.

म्हणून दुसरी गोष्ट वाचा, ती म्हणजे पोलिसांची रोजची गुन्ह्यांची नोंदवही. पोलीस खातं किंवा सुरक्षा खातं असलेल्या विद्यापीठाला ती ठेवावीच लागते आणि मागच्या ६० दिवसांच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. पुष्कळ ठिकाणी ती ऑनलाईनच असते. कोणत्या पार्किंगमध्ये काचा फुटतात, कोणत्या स्टँडवरून सायकली जातात, हे अर्ध्या तासात कळतं. अपार्टमेंटच्या परिसरासाठी शहर पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा पाहा. भाडं कमी का आहे, याचं उत्तर काही वेळा तिथेच सापडतं.

पायरी ३ : फोनमध्ये नंबर भरा, अलर्टला नाव नोंदवा

मोबाईलवरून ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावलं की फोन बहुधा शहराच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कंट्रोल रूमला जातो. तिथून तो कॅम्पस पोलिसांकडे वळवतात, त्यात काही सेकंद जातात. जीव धोक्यात असेल तर विचार न करता ९११ च लावा. पण कॅम्पस पोलिसांचा दहा आकडी नंबर वेगळा सेव्ह करून ठेवा. रात्रीची सोबत, हरवलेलं पाकीट, बाहेर रेंगाळणारा अनोळखी माणूस, या सगळ्यासाठी तो आहे.

दुसरं काम अलर्टचं. गोळीबार, आग, वादळ असं काही असलं की विद्यापीठ सगळ्यांना एकदम मेसेज पाठवतं. प्रवेशाच्या वेळी आपण फॉर्मवर भारतातला नंबर दिलेला असतो. तिथलं सिम घेतल्यावर तो बदलायचा राहून जातो आणि मेसेज इकडच्या बंद सिमवर जात राहतात. नवं सिम मिळालं की त्याच दिवशी पोर्टलवर नंबर बदला.

पायरी ४ : पहिल्या आठवड्यात एकदा पोलीस स्टेशनात जाऊन या

खरंच जाऊन या, काहीही घडलेलं नसताना. काउंटरवर सांगा की मी नवीन आहे, विद्यार्थ्यांसाठी तुमच्याकडे काय काय सोयी आहेत? सायकलची नोंदणी होते, लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घेतात, काही ठिकाणी वस्तूवर क्रमांक कोरूनही देतात. चोरीचा माल सापडला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करायला हेच उपयोगी पडतं. सायकलला केबलचं कुलूप घेऊ नका, ते कटरने क्षणात तुटतं. जाड पोलादी यू-लॉक घ्या आणि तो नुसत्या चाकातून न घालता फ्रेममधून घाला. जुनं फर्निचर किंवा फोन अनोळखी माणसाकडून विकत घेणार असाल तर भेटायला स्टेशनचा पार्किंग लॉट उत्तम. पुष्कळ खात्यांनी त्यासाठी कॅमेऱ्याखाली जागाच राखून ठेवलेली असते.

परत येताना निळे दिवे बघत या. खांबावर निळा दिवा आणि खाली बटण, तो आणीबाणीचा फोन. बटण दाबलं की तुम्ही कुठे आहात ते पोलिसांना आपोआप कळतं, तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालतं. कुणी मागे लागलं असेल तर थांबू नका, एक दाबून पुढे जा, पुढचाही दाबा. मोबाईल आल्यापासून काही विद्यापीठांनी हे खांब काढून टाकले आणि फोनवरचं ॲप दिलं, तुमच्याकडे काय आहे ते पाहून ठेवा.

वसतिगृहाचं दार पाठोपाठ येणाऱ्या अनोळखी माणसासाठी धरून ठेवू नका. हे आपल्याला फार जड जातं, समोरच्याला वाईट वाटेल असं वाटतं. त्याच्याकडे कार्ड असेल तर तो उघडेल, नसेल तर ज्याच्याकडे आलाय त्याला फोन करेल.

पायरी ५ : ९११ वर बोलायचं कसं

समोरून पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, घटना कुठे घडते आहे? म्हणून पत्ता आधी सांगा. घर नंबर, रस्त्याचं नाव, फ्लॅट नंबर, मजला. अमुक दुकानाच्या मागे, तमुकच्या शेजारी, असा पत्ता तिथे चालत नाही. आपल्या विभागाच्या इमारतीचा पूर्ण पत्ता फोनमध्ये लिहून ठेवा. मग काय घडलं ते एका वाक्यात. त्यानंतर पलीकडचा माणूस प्रश्न विचारतच राहतो आणि आपण वैतागतो, की बोलताय काय, आधी गाडी पाठवा. बहुतेक वेळा तुम्ही बोलत असतानाच गाडी निघालेली असते. तो ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. इंग्रजी सुचेनासं झालं तर "हिंदी इंटरप्रिटर" एवढं म्हणा, दुभाषा जोडून देतात.

बोलणं धोक्याचं असेल तर ९११ ला मेसेजही करता येतो. ही सोय सगळीकडे नाही. नसेल तिथे तसा मेसेज उलट येतो, मग फोन करावा लागतो.

ऑफिसच्या फोनवरून बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ आणि मग भारतासाठी ०११-९१ फिरवताना मधला आकडा सुटून चुकून ९११ लागू शकतो. लागला तर घाबरून कट करू नका, चुकून लागला म्हणून सांगा. कट केलात तर ते उलट फोन करतात, कधी पोलीस दारातही येतात.

पार्टीत कुणी दारू पिऊन बेशुद्ध पडलं आणि तिथली मुलं २१ वर्षांखालची असली तरी फोन करायचाच. मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर दारूबद्दल कारवाई होऊ नये, असे नियम पुष्कळ विद्यापीठांत आणि राज्यांत आहेत. त्याला एकटं झोपवून ठेवू नका. कुशीवर वळवा आणि माणसं येईपर्यंत शेजारी बसा.

पायरी ६ : पोलिसांनी तुम्हाला थांबवलं तर

आपल्याकडे गाडी थांबवली की आपण उतरून साहेबांकडे चालत जातो. तिथे हे अजिबात करू नका. गाडी कडेला घ्या, आत बसून राहा, काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. लायसन्स मागितलं तर आधी तोंडाने सांगा की ते मागच्या खिशात आहे, आणि मग हात घाला. "इथेच मिटवू या" हे चुकूनही म्हणायचं नाही, लाच देऊ करणं हा वेगळा गुन्हा होतो. खोटं बोलू नका. आणि वकिलाशिवाय मी उत्तरं देणार नाही, हे शांतपणे सांगायचा हक्क परदेशी विद्यार्थ्यालाही आहे. अटक झाली तर वकील आणि विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, दोघांना लगेच कळवा. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला कार्यालय असतं, आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगण्याचाही तुम्हाला हक्क असतो.

नकली पोलिसांचाही फोन येतो. स्क्रीनवर नंबर खऱ्या स्टेशनचा दिसतो. तुमच्या नावावर वॉरंट आहे, व्हिसा रद्द होईल, ताबडतोब गिफ्ट कार्ड घेऊन त्याचे नंबर वाचून दाखवा. आपल्याकडच्या डिजिटल अरेस्टचाच हा भाऊ. खरे पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. ठेवून द्या, आणि सेव्ह केलेला कॅम्पस पोलिसांचा नंबर स्वतः लावून विचारा.

पायरी ७ : अत्याचार झाला, कुणी पाठलाग करत असेल तर

ही पायरी सावकाश वाचा. पोलिसांत तक्रार करायची की नाही, हा निर्णय ज्याच्यावर बेतलं त्याचा असतो, तो दुसऱ्या कुणी लादू शकत नाही. तक्रार केली नाही तरी वसतिगृह बदलून मागणं, वर्ग बदलून घेणं, अशी मदत विद्यापीठाकडे मागता येते. लैंगिक अत्याचारानंतरची वैद्यकीय तपासणी पोलिसांत न जाताही होते आणि तिचा खर्च पीडितेवर पडत नाही. शक्यतो ७२ तासांच्या आत जा, बऱ्याच ठिकाणी १२० तासांपर्यंतही पुरावा घेतात. तोवर आंघोळ टाळा, आणि अंगावरचे कपडे बदललेच तर न धुता कागदी पिशवीत ठेवा.

नुसतं मन मोकळं करायचं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा, त्यांच्याकडचं बोलणं गोपनीय राहतं. प्राध्यापक कितीही जवळचे असले तरी अनेक विद्यापीठांत त्यांना ऐकलेलं वर कळवावंच लागतं. आपण तक्रार केली तर व्हिसावर परिणाम होईल, या भीतीने मुली गप्प राहतात. गुन्ह्याची तक्रार केली म्हणून एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जा जात नाही. पाठलाग, सतत येणारे मेसेज, दारात उभं राहणं, हे सगळं तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट पुसू नका.

पायरी ८ : आईवडिलांनी करून ठेवायचं काम

भारतातून ९११ लावून तिथली मदत मिळत नाही. म्हणून मुलाच्या विद्यापीठाच्या पोलिसांचा पूर्ण नंबर, पुढे +१ लावून, स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि एक कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मूल कॅम्पसबाहेर राहत असेल तर त्या शहराच्या पोलिसांचाही, आणीबाणीचा नसलेला नंबर. दोन रूममेटचे नंबरही हवेत.

दोन दिवस फोन नाही, मेसेजवर एकच टिक, रूममेटही उचलत नाहीत, अशी वेळ आली तर त्या नंबरवर फोन करून "वेलफेअर चेक" हवा म्हणून सांगा. पोलीस त्या पत्त्यावर जातात, दार वाजवतात आणि मूल ठीक आहे का ते पाहतात. मूल सज्ञान असल्याने ते तुम्हाला सगळा तपशील सांगतीलच असं नाही, पण घरी फोन कर, हा निरोप बहुधा देतात. फोन करण्याआधी कागदावर एवढं लिहून समोर ठेवा : मुलाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फ्लॅट नंबरासह पत्ता, शेवटचं बोलणं कधी झालं, काही आजार किंवा औषधं असतील तर ती, आणि तुमचा नंबर +९१ सकट.