गोव्यात चांगली माणसं टिकवायची असतील तर या चुका टाळा

गोव्यातल्या हॉटेल व्यवसायात राजीनामे दोन वेळा येतात. एकदा मे संपताना, पाऊस तोंडावर आला की. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात, किनाऱ्यावर नवी भरती सुरू झाली की. मालकांची धावपळ होते ती दुसऱ्या वेळी. मात्र ऑक्टोबरात जाणाऱ्याने आपलं मन बहुधा पावसातच पक्कं केलेलं असतं.

पावसाळ्याचं चित्र अंधारात ठेवणं

जून ते सप्टेंबर धंदा कमी असतो, हे स्टाफलाही कळतं. पगार किती मिळणार, कपात होणार का, ऑक्टोबरात आपली जागा राहणार का, हे कोणी सांगत नाही, याचा त्यांना त्रास होतो. ‘बघू, पाऊस कसा जातो’ हे उत्तर मिळालं की हुशार स्ट्युअर्ड त्याच दिवशी दुसरीकडे फोन लावतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एका कागदावर लिहून द्या: चार महिन्यांचा पगार, सक्तीची रजा असेल तर तिच्या तारखा, आणि ऑक्टोबरातला हुद्दा. पूर्ण पगार झेपत नसेल तर कमी दिवसांचं काम ठरवा, पण आकडा आधी सांगा. राहिलेल्या रजा आणि पुढच्या पदाचं प्रशिक्षणही याच काळात उरकता येतं.

ब्रेक शिफ्टकडे काणाडोळा

रेस्टॉरंटमधली माणसं पगारापेक्षा ब्रेक शिफ्टला, म्हणजे दोन तुकड्यांत मोडलेल्या पाळीला, जास्त कंटाळतात, पण राजीनाम्यात तसं लिहीत नाहीत. सकाळी ११ ते ३, मग संध्याकाळी ७ ते ११. कागदावर आठ तास भरतात, पण येण्याजाण्यासकट माणूस घराबाहेर चौदा तास असतो. पेडण्याहून कळंगुटला येणाऱ्याला मधल्या चार तासांत घरी जाऊन परत येणं परवडत नाही. तो स्टोअररूममध्ये पुठ्ठ्यावर आडवा होतो. रात्री ११ नंतर बस नसते, म्हणून पावसातही दुचाकीनेच निघतो. रोस्टर असा लावा की प्रत्येकाला आठवड्यात किमान तीन दिवस सलग शिफ्ट मिळेल. ज्यांना ब्रेक शिफ्ट आहे त्यांना पंखा, खाट आणि कुलूप असलेलं कपाट द्या. रात्री सोडायला गाडी ठेवा, नाहीतर पेट्रोलचा ठरावीक भत्ता द्या. रोस्टर पंधरा दिवस आधी भिंतीवर लागला पाहिजे. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बदलणारा रोस्टर घरच्यांनाही छळतो.

चतुर्थीची रजा ऐन वेळी ठरवणं

चतुर्थीला घरी न जाऊ देणाऱ्या मालकाकडे गोंयकार फार काळ राहत नाही. जूनमध्येच विचारून घ्या: कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात. त्याप्रमाणे गट पाडले की सगळे एकदम जात नाहीत. चतुर्थीला ख्रिस्ती सहकारी काम सांभाळतात, मग नाताळात त्यांची पाळी हिंदू सहकाऱ्यांनी घ्यावी. ही देवाणघेवाण लिहून ठेवा. डिसेंबरात गर्दी वाढली म्हणून ती मोडली, तर पुढच्या वर्षी कोणी शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

टिप्स यूपीआयमध्ये अडकणं

पूर्वी टिप हातात पडायची. आता पाहुणा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पैसे हॉटेलच्या खात्यात जातात. तिथून ते वेटरपर्यंत पोचले नाहीत, की संशय बळावतो. टिप्ससाठी वेगळं खातं ठेवा, दर सोमवारी वाटप करा, जमलेली रक्कम फलकावर लिहा. किचन आणि हाऊसकीपिंगचा वाटाही आधीच ठरलेला असावा.

नव्याला जास्त, जुन्याला तेवढंच

ऐन हंगामात माणूस मिळत नाही, म्हणून नव्याला दोन-तीन हजार जास्त दिले जातात. ही बातमी पहिल्या आठवड्यातच सगळीकडे होते. नवी ऑफर देण्याआधी त्याच कामावरच्या जुन्यांचे पगार समोर ठेवा आणि फरक त्याच महिन्यात भरून काढा. राजीनामा टेबलावर आल्यावर दिलेली वाढ क्वचितच उपयोगी पडते, कारण मागितल्याशिवाय आपली किंमत होत नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

वाढीतला एक सापळा वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांतही दिसतो. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय या सरकारी कर्मचारी विमा योजनेचा चालू वर्गणी-कालावधी संपल्यावर वर्गणी थांबते आणि काही महिन्यांनी कुटुंबाच्या उपचारांचं छत्रही जातं. अशा वाढीबरोबर कुटुंबाचा मेडिक्लेम द्या, नाहीतर पगारवाढ होऊनही घर उघडं पडतं.

पीएफचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायलाच हवा. पासबुक आता प्रत्येकाच्या फोनवर दिसतं. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांनी मिळणारी ग्रॅच्युइटीही आकड्यात सांगा: त्यासाठी धरला जाणारा पगार २०,८०० असेल तर १५ भागिले २६ या सूत्राने दर वर्षाचे १२,००० होतात, म्हणजे पाच वर्षांचे ६०,०००. चौथ्या वर्षी जायचा विचार करणाऱ्याला हा हिशेब बहुधा कोणी दाखवलेला नसतो.

जाणाऱ्याशी वाकडं धरणं

कोणी क्रूझ बोटीवर नोकरीला जाईल, कोणी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसेल. परीक्षेची रजा नाकारून माणूस थांबत नाही, तो फक्त न सांगता जातो. शेवटचा हिशेब आणि अनुभवपत्र वेळेत द्या, पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरा. ती नसली की पैसे नव्या खात्यात नेताना अडतं. बोटीवरचं कंत्राट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं. परत आलेल्यांपैकी काहींना पुन्हा जायचं नसतं. त्यांचे नंबर जपून ठेवा आणि सप्टेंबरात जाहिरात देण्याआधी त्यांना फोन करा.