‘रन’चा नेमका अर्थ कसा लावायचा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात एकट्या ‘रन’ या क्रियापदाच्या ६००हून जास्त अर्थछटा आहेत. त्या पाठ करायला बसू नये. मराठीत भूक लागते, दिवा लागतो, नोकरी लागते आणि घाटात बसही लागते. कुणाला काय लागलं यावरून अर्थ आपसूक कळतो. ‘रन’कडेही तसंच बघावं.

आधी कर्ता पाहा. माणूस किंवा जनावर असेल तर बहुधा धावणंच. ‘द फेरी रन्स ऑन संडेज टू’ म्हणजे फेरीबोट रविवारीही चालू असते. रस्ता असेल तर ‘जातो’: एनएच ६६ गोव्यातून ‘रन्स थ्रू’. कपडा धुवायला देताना ‘द कलर विल रन’ म्हटलं तर रंग सुटेल. ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ उघडा राहिलाय, जाऊन बंद करा. मात्र खोली बघायला आलेला पाहुणा ‘रनिंग वॉटर’ आहे का विचारतो, तेव्हा त्याला ओढा नको असतो. नळाला पाणी येतं का, एवढंच हवं असतं.

मग ‘रन’ला लागून थेट कर्म आहे का ते बघा. असल्यास बहुतेक वेळा ‘चालवणे’: ‘शी रन्स अ शॅक इन मोरजी’, म्हणजे ती मोरजीत शॅक (किनाऱ्यावरचं छोटं हॉटेल) चालवते. दोन अपवाद हॉटेलात हमखास भेटतात. ‘रन अ बाथ’ म्हणजे अंघोळीसाठी टब भरून ठेवणं, आणि ‘रनिंग अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणं. दुसरं ऐकलं की डॉक्टरांना फोन लावावा.

खरी गोची होते ती ‘रन’च्या पाठी येणाऱ्या छोट्या शब्दांपाशी, आणि त्यातही ‘आउट’पाशी. मे सरला, हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) संपला, आता गिऱ्हाइकाला सांगायचं कसं? कर्ता आपण असलो तर ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आउट ऑफ हुर्राक’. कर्ता हुर्राक असेल तर ‘ऑफ’ गळतो: ‘द हुर्राक हॅज रन आउट’. ‘द हुर्राक हॅज रन आउट ऑफ’ हे वाक्य लोंबकळतं. कशातून काय संपलं तेच कळत नाही. दोन्ही वाक्यांत ‘रॅन’ नाही हेही बघून ठेवा. रूपं रन, रॅन, रन अशी आहेत. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की तिसरं रूप घ्यायचं. ‘हॅज रॅन’ शिकल्यासवरल्यांच्या ईमेलातही सापडतं.

बाकीचे त्यामानाने सरळ. ‘रन इन्टू’च्या पुढे ओळखीचा माणूस असेल तर म्हापशाच्या बाजारात अवचित गाठ पडली, भिंत असेल तर आदळले, आणि लाख असतील तर खर्च लाखांत गेला. ‘रन अप अ बिल’ म्हणजे बिल चढवत नेणं. ‘रन इट बाय द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरच्या कानावर घालून घ्या. इथे पळापळ नाही. गाडीने कुणाला ‘रन ओव्हर’ केलं तर चिरडलं, पण तियात्र (कोकणी संगीत नाटक) ‘रॅन ओव्हर’ म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबलं.

आपल्याकडे ‘पंचविसावं चालू आहे’ याचं ‘आय अॅम रनिंग ट्वेन्टी-फाइव्ह’ करतात. ते इंग्रजी नव्हे. वय पंचवीस पूर्ण नसेल तर ‘आय अॅम ट्वेन्टी-फोर’ म्हणावं. ‘रनिंग’ आकड्यानंतर आलं की अर्थ ‘सलग’ होतो: ‘इट रेन्ड थ्री डेज रनिंग’, लागोपाठ तीन दिवस पाऊस.

निवडणुकीला उभं राहणं याला अमेरिकी माणूस ‘रन’ म्हणतो, ब्रिटिश ‘स्टँड’. आपली इंग्रजी वृत्तपत्रं बहुधा ‘कंटेस्ट’ लिहितात. पत्रात तेच वापरावं.