जँगोमध्ये डेटाबेस स्लो वाटतोय? नेमकी क्वेरी अशी शोधा

पेज उघडायला सात-आठ सेकंद लागायला लागले की लगेच कोणीतरी म्हणतं सर्व्हर वाढवा नाहीतर कॅशे लावा. प्लीज, आधी ते करू नका. ओआरएममध्ये (म्हणजे एसक्यूएल न लिहिता पायथन कोडमधूनच डेटाबेसशी बोलायची सोय) आपण ऑर्डर डॉट कस्टमर असा नुसता डॉट टाकतो आणि मागच्या मागे डेटाबेसकडे क्वेरी जाते, म्हणून ती आधी डोळ्यांनी बघायची. मी जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) धरून सांगतोय.

पहिलं काम, क्वेऱ्या मोजा. लोकलला जँगो डीबग टूलबार टाका, पेज उघडा आणि एसक्यूएलचं पॅनल बघा. शेलमध्ये तपासत असाल तर कनेक्शन डॉट क्वेरीज प्रिंट करा, फक्त डीबग ट्रू असेल तरच ती लिस्ट भरते. आकडा बघितला की कळतं, बारक्या क्वेऱ्यांचा ढीग पडलाय की एकच क्वेरी जड आहे.

ढीग असेल तर बहुतेक वेळा लूपमध्ये सापडतो. ५० ऑर्डरींची यादी आणि प्रत्येकीपुढे कस्टमरचं नाव, झाल्या ५१ क्वेऱ्या, यादीची एक आणि नावांच्या पन्नास. कस्टमर फॉरेन की आहे (प्रत्येक ऑर्डर एकाच कस्टमरकडे बोट दाखवते) म्हणून सिलेक्ट_रिलेटेड लावा, जॉइन होऊन एकातच काम होतं. ऑर्डरमधल्या वस्तू हव्या असतील, म्हणजे एकीपुढे अनेक, तर प्रीफेच_रिलेटेड, ते सगळ्या वस्तू वेगळ्या एकाच क्वेरीत आणतं. पण प्रीफेच केलेल्यावर लूपमध्ये परत फिल्टर लावलं तर प्रत्येक वेळी नवी क्वेरी जाते आणि प्रीफेच वाया जातं, तिथे फिल्टर प्रीफेच ऑब्जेक्टच्या क्वेरीसेटमध्येच द्या.

एकच क्वेरी जड असेल तर क्वेरीसेटवर एक्सप्लेन चालवा, अ‍ॅनलाइझ ट्रू देऊन, डेटाबेस ती क्वेरी नेमकी कशी चालवतो ते दिसतं. आमच्याकडे लॉगिन असंच रखडायचं. ईमेलवर युनिक होतं म्हणजे इंडेक्स (पटकन शोधायची सूची) होताच, त्यामुळे तिकडे कोणी बघेचना. एक्सप्लेन केलं तर समोर सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं, आणि खाली ‘रोज रिमूव्हड बाय फिल्टर’पुढे (वाचून टाकून दिलेल्या रो) जवळपास अख्खं टेबल! कारण एवढंच की कोडमध्ये आयएक्झॅक्ट होतं, म्हणजे लहान-मोठी लिपी न बघता जुळवणं. पोस्टग्रेसवर जँगो त्याचं अप्पर करतो, म्हणजे सगळी अक्षरं कॅपिटल, दोन्ही बाजूंना, आणि साधा इंडेक्स साध्या ईमेलचा असतो, अप्पर केलेल्या ईमेलचा नाही, मग तो वापरणार कसा. जँगो ३.२ पासून अप्पर(ईमेल) वरच इंडेक्स टाकता येतो, तो टाकला की परत एक्सप्लेन करा, इंडेक्स स्कॅन किंवा बिटमॅप इंडेक्स स्कॅन दिसायला पाहिजे. लाइव्ह टेबल मोठं असेल तर मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची फाइल) अ‍ॅडइंडेक्सकंकरंटली वापरा आणि अ‍ॅटॉमिक फॉल्स ठेवा, नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवरचं सगळं लिहिणं अडकून बसतं.

आयकंटेन्सला (मजकुरात तो शब्द कुठेही आहे का बघणारं फिल्टर) मात्र हा इंडेक्स चालत नाही, शब्द मधेच कुठेही शोधायचा असतो ना. त्याला ट्रायग्रॅमचा, म्हणजे मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून बनवलेला, जिन प्रकारचा इंडेक्स लागतो.

आणि हे सगळं खऱ्या आकाराच्या डेटावर तपासा, लोकलला शंभर रो असतील तर इंडेक्स असूनही पोस्टग्रेस सीक्वेन्शियल स्कॅनच करेल आणि त्याचं बरोबरच असतं, एवढंसं टेबल थेट वाचणंच स्वस्त पडतं.

दुरुस्ती झाली की त्या पेजच्या टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीज टाकून आकडा पक्का करा, उद्या कोणी टेम्प्लेटमध्ये एखादा डॉट वाढवला आणि क्वेऱ्या वाढल्या तर टेस्ट तिथेच फेल होईल.