सोलमध्ये रात्र जागवायची तर: चहाच्या घोटापासून पहाटेच्या मेट्रोपर्यंत

सोलमधली रात्र एकाच टेबलावर बसून काढायची नसते. तिथले लोक ती 'छा'मध्ये मोजतात. पहिली बैठक म्हणजे इल्छा, दुसरी ईछा, तिसरी साम्छा. दर बैठकीला जागा बदलते, पेय बदलतं आणि सोबतचं खाणंही. त्यामुळे पहिल्याच जागी पोटभर जेवून, बाटल्यांवर बाटल्या रिचवून बसलात तर पुढची मजा हुकते. दुसरी गोष्ट घड्याळाची. चहाघरं आधी बंद होतात, मग मेट्रो. सोजू (कोरियाची पारदर्शक कडक दारू) मात्र रात्रभर मिळते. म्हणून क्रम असा लावा: आधी चहा, मग माक्कॉली (तांदळाची पांढरट, सौम्य दारू), मग बिअर किंवा सोजू, शेवटी गाणी.

निघताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. क्लबच्या दारात मोबाईलमधला फोटो बऱ्याचदा चालत नाही. ज्या वर्षात तुम्ही १९ पूर्ण करणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून दारू विकत घेता येते. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण रस्त्यावरच्या तंबूंसाठी आणि टी-मनी हे प्रवासाचं कार्ड भरण्यासाठी ५०,००० वॉन रोख असू द्या (१,००० वॉनचे साधारण साठ-पासष्ट रुपये होतात). नकाशासाठी नेव्हर मॅप घ्या, गुगलच्या नकाशावर तिथे चालत जायच्या वाटेचा भरवसा धरू नका. पत्त्यातला मजला नीट वाचा. एकाच इमारतीत तळघरात बार, दुसऱ्या मजल्यावर कोंबडीवाला आणि पाचव्यावर गाण्याच्या खोल्या असतात, नि सगळ्यांच्या पाट्या एकाखाली एक. रस्त्यावर उभं राहून दुकान सापडत नसेल तर ते बहुधा तुमच्या डोक्यावर असतं.

चहा: साडेसहाच्या आत

इन्साडोंगच्या गल्ल्यांत जुन्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांमधली चहाघरं आहेत. संबुकडोंगमधलं सुयॉन्सानबांग हे लेखक ई ते-जुन यांचं १९३३मध्ये बांधलेलं राहतं घर, आता तिथे चहा मिळतो. पुष्कळ चहाघरं रात्री नऊ-दहाला बंद होतात आणि शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास घेतात. साडेआठला पोहोचलात तर टेकताच उठावं लागेल.

एका कपाला ८,००० ते १२,००० वॉन पडतात. दूध-साखरेचा चहा डोक्यातून काढा. इथला पुष्कळसा 'चहा' म्हणजे खरं तर फळांचा किंवा मुळ्यांचा काढा असतो. देछूछा म्हणजे आपल्या बोराच्या जातभाईचा घट्ट, गोड काढा, पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात सोपा. ओमीजाछा लालभडक आणि आंबट असतो, उन्हाळ्यात गार मागवा. युजाछा म्हणजे लिंबाच्या जातीच्या फळाचा मुरंबा गरम पाण्यात ढवळलेला. सांगह्वाछा हा औषधी मुळ्यांचा काळा, कडवट काढा. जुन्या पद्धतीच्या दाबांगमध्ये (चहा-कॉफीच्या दुकानात) त्यावर कच्च्या अंड्याचं पिवळं तरंगत येतं. ते फोडून ढवळायचं नसतं, चमच्याने उचलून आख्खं तोंडात टाकायचं. नको असेल तर मागवतानाच 'नोरुन्जा प्पेजुसेयो' म्हणा.

हिरवा चहा (नोकछा) मागवलात तर सगळा सरंजाम तुमच्यापुढे ठेवून वाढणारा निघून जातो. मग पुढचं काम तुमचं:

१. गरम पाणी आधी रिकाम्या किटलीत आणि कपांत फिरवून टाकून द्या.
२. नवं पाणी चोचीच्या उघड्या वाडग्यात ओता आणि थांबा. हा वाडगा म्हणजे सुगू, आणि तो पाणी निववण्यासाठीच असतो. पाणी ७० अंशांच्या आसपास यायला हवं. वाडग्याला हात लावून धरता आला की झालं.
३. किटलीत २-३ ग्रॅम पत्ती, त्यावर हे पाणी. एक ते दीड मिनिट.
४. कपांत थोडं थोडं आळीपाळीने ओता: पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, मग उलट. सरळ भरत गेलात तर पहिला कप फिका आणि शेवटचा कडू होतो.
५. किटली थेंबभरही न ठेवता रिकामी करा. तळाशी पाणी राहिलं तर पत्ती त्यात मुरत राहते आणि दुसरी खेप तुरट लागते.

बहुतेकांचा चहा बिघडतो तो दुसऱ्या पायरीवर. उकळतं पाणी थेट पत्तीवर पडलं की कडवटपणा आलाच, आणि दोष मात्र चहाला दिला जातो. एप्रिलच्या २० तारखेच्या आसपास गोगू हा पंचांगातला दिवस येतो. त्याआधी खुडलेल्या कोवळ्या पत्तीला उजॉन म्हणतात. ती महाग असते आणि तिला पाणी याहूनही निवलेलं लागतं.

आन्जू आणि शाकाहाऱ्यांची कसरत

दारूबरोबरचं खाणं म्हणजे आन्जू, आणि ते ऐच्छिक नसतं. 'फक्त दोन बिअर' हे बऱ्याच ठिकाणी चालत नाही, टेबलामागे एक पदार्थ घ्यावाच लागतो. माक्कॉलीसोबत जॉन, म्हणजे तव्यावर तळलेली धिरडी, ही रुळलेली जोडी. पाऊस पडला की या दुकानांबाहेर रांगा लागतात. ग्वांगजांग बाजारातलं बिंदेत्तॉक तर वाटलेल्या मुगाचंच असतं, मराठी जिभेला ओळख पटायला क्षणही लागत नाही. पण मांसाचा कीस असू शकतो, तेव्हा विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर 'भाजीचं' या शब्दावर विसंबू नका. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो, रश्श्यात सुके मासे असतात, आणि हॅमला पुष्कळ जण 'मांस' धरतच नाहीत. त्यातल्या त्यात निभावणारे पदार्थ: गाम्जाजॉन (बटाट्याचं धिरडं), दोतोरीमुक (ओकच्या फळाची थरथरणारी वडी, वर सोया सॉस आणि तिळाचं तेल), कॉर्न चीज, तळलेले बटाटे. फळांची थाळीही मिळते, पण तिची किंमत वाचून तोंड आंबट होईल.

माक्कॉलीची बाटली ७५० मिलिलिटरची आणि साधारण ६ टक्क्यांची. तळाचा साका वर यायला हवा, म्हणून बाटली हळूच उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका. ताज्या माक्कॉलीत आंबवण चालूच असतं. झाकण एकदम उघडलंत तर पांढरा फवारा शेजारच्या टेबलापर्यंत जातो. थोडं उघडा, वायू सुटू द्या, परत बंद करा, असं दोन-तीनदा.

सोजू: हिशेब आधी, घोट नंतर

हिरवी बाटली ३६० मिलिलिटरची, कडकपणा साधारण १६ टक्के. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या भाषेत सांगायचं तर एका बाटलीत ३० मिलिलिटरचे साडेचार पेग. चव गोडसर आणि ग्लास बोटभर, म्हणून अंदाज चुकतो. त्याहून फसवी सोमेक, म्हणजे सोजू आणि बिअरचं मिश्रण. नेहमीचं प्रमाण ३:७. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ६० सोजू आणि १४० बिअर. लागते बिअरसारखी, पण कडकपणा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. नुसती सोजू प्यायची तर एका बाटलीत बोटभर उंचीचे सात ग्लास होतात. दोघांत वाटले तर एक उरतो, तिघांत वाटले तरी एक उरतो, आणि म्हणूनच दुसरी बाटली मागवली जाते असं तिथे गमतीने म्हणतात.

स्वतःचा ग्लास स्वतः भरू नये. वयाने मोठ्यांना दोन्ही हातांनी ओतावं, त्यांच्याकडून दोन्ही हातांनी घ्यावं, आणि पिताना तोंड किंचित बाजूला वळवावं. अर्धवट भरलेल्या ग्लासात ओतत नाहीत, आधी तो रिकामा होऊ द्या. नको असेल तर ग्लासात थोडी ठेवून बसा. रिकामा ग्लास म्हणजे 'भरा' अशी खूणच. वाढणाऱ्याला हाक 'यॉगियो!' आणि ती मोठ्याने मारायची, त्यात उद्धटपणा नाही. टेबलावर घंटेचं बटण असेल तर ते दाबा. चमचे-चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या खणात असतात. टिप देत नाहीत.

जोंगनो ३-गाच्या स्टेशनाबाहेर संध्याकाळी पोजांगमाचा, म्हणजे तंबूतली टपऱ्यावजा दारूची दुकानं लागतात. उल्जिरो ३-गाच्या गल्लीत बिअरसोबत नोगारी, म्हणजे भाजलेला सुका कोवळा मासा, तिखट चटणीत बुडवून खातात. तंबूत बसण्याआधी दरपत्रक पाहा. नसेल तर विचारा, तेही नको असेल तर पुढचा तंबू गाठा.

अकरा वाजता ठरवा

५ जानेवारी १९८२ला मध्यरात्रीची संचारबंदी उठेपर्यंत या शहराला रात्रच नव्हती. आज संचारबंदीचं ते काम मेट्रो करते. आठवड्याच्या दिवशी ती एकच्या सुमारास आणि शनिवार-रविवारी बाराच्या सुमारास थांबते, पण तुमच्या स्टेशनावरची शेवटची गाडी त्याआधीच गेलेली असू शकते. २ नंबरची हिरवी मार्गिका वर्तुळाकार असली तरी शेवटच्या गाड्या वर्तुळ पूर्ण करत नाहीत, मध्येच संपतात. फलाटावरच्या पाटीवर अंतिम स्टेशन वाचूनच चढा.

गाडी चुकली तर टॅक्सी. दिवसाचं किमान भाडं पहिल्या १.६ किलोमीटरला ४,८०० वॉन. रात्री दहा ते अकरा आणि दोन ते चार २० टक्के जादा, अकरा ते दोन ४० टक्के. म्हणजे नेमकं सगळे बाहेर पडतात तेव्हाच सगळ्यात महाग. काकाओ टी ॲपवरून बोलवा; हात दाखवून रिकामी टॅक्सी मिळणं शुक्रवारी जवळपास अशक्य. २,५०० वॉनमध्ये रात्रीची 'घुबड बस' मिळते, तिचा क्रमांक एन अक्षराने सुरू होतो. दारू पिऊन भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर चालवणंही गुन्हा आहे, हे विसरू नका.

थांबायचंच ठरलं तर नोरेबांग, म्हणजे कराओकेच्या, गाण्याच्या खोल्या. खोली तासाच्या भाड्याने मिळते आणि गर्दी नसेल तर मालक दहा-वीस मिनिटं फुकट वाढवतो, त्याला तिथे 'सर्व्हिस' म्हणतात. एकट्या-दुकट्याला कॉइन नोरेबांग बरं, गाण्यागणिक पैसे. साध्या नोरेबांगमध्ये दारू विकायला कायद्याने मनाई आहे. पाटीवर 'जुजॉम' असेल तर ते वेगळं दुकान: दारू असते, काही ठिकाणी सोबतीला मुली बसवतात, आणि बिल लाखांच्या वॉनमध्ये येतं. रस्त्यावर कुणी बाही धरून 'स्वस्तात खोली' म्हणत असेल तर तो बहुधा तिथलाच. अडचण आलीच तर पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९, आणि इंग्रजीतून मदतीसाठी १३३० हा पर्यटकांचा क्रमांक.

पहाटे चारनंतर हेजांगकुकची दुकानं भरतात. 'उतारा' म्हणून खायचं हे गरम सूप. कोंगनामुल, म्हणजे सोयाबीनच्या मोडांचं, पोटाला सगळ्यात हलकं. पहिली मेट्रो साडेपाचच्या आसपास सुटते. ज्या हातात आदल्या रात्री ग्लास होता त्यात आता चमचा धरलेली कितीतरी मंडळी तिचीच वाट पाहत बसलेली असतात.